कॅन्सर नाही, मग दुखतंय काय?

फाइल टेबलावर येते तेव्हाच बहुतेक वेळा जाड असते. तीन-चार सोनोग्राफीचे रिपोर्ट, दोन वेगळ्या लॅबचे सीए-१२५ या रक्ततपासणीचे आकडे, लघवीची तपासणी, ॲसिडिटीच्या गोळ्यांच्या जुन्या चिठ्ठ्या. मुलगी अठरा-वीस-पंचवीस वर्षांची. सोबत आई, कधी मोठी बहीण, लग्न झालेलं असेल तर नवरा किंवा सासू. बोलणं दुखण्याचं चालू असतं, पण आईची नजर रिपोर्टमधल्या एकाच शब्दावर खिळलेली असते: 'सिस्ट', म्हणजे गाठ. मग मुलगी वजन करायला बाहेर गेली की हळू आवाजात प्रश्न येतो, "मॅडम, कॅन्सरबिन्सर तर नाही ना?"

स्त्रीरोगाच्या ओपीडीत आणि सोनोग्राफीच्या खोलीत रोज हेच काम करताना आम्हांला एक गोष्ट पक्की कळली आहे. या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. अंडाशयात वाईट गाठ आहे का, हा पहिला. आणि दुखतंय कशामुळे, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर तरुण मुलीत बहुधा एका नीट केलेल्या सोनोग्राफीत मिळतं. दुसऱ्याला महिने लागू शकतात. घोळ असा होतो की पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि दुसरा प्रश्न टेबलावरच राहतो. मुलगी तेच दुखणं घेऊन घरी जाते, आणि आता तर रिपोर्टही नॉर्मल, म्हणजे 'हिलाच सहन होत नाही'. म्हणून हा सगळा रस्ता पहिल्या भेटीपासून जसा असतो तसा लिहितो आहोत.

आधी ज्यात थांबायला वेळ नसतो ते. एका बाजूला अचानक, घड्याळ पाहून वेळ सांगता येईल असं दुखायला लागलं, सोबत उलट्या आहेत, कळ कमी-जास्त होते पण सुटत नाही, तर अंडाशयाला पीळ बसल्याचा संशय घ्यायचा आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, शस्त्रक्रियेची सोय असलेलं हॉस्पिटल गाठायचं. अशा अंडाशयात बऱ्याचदा आधीच पाच सेंटिमीटरच्या वरची गाठ असते. यात एक चूक वारंवार होते. डॉप्लरवर (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर) प्रवाह दिसला म्हणून 'पीळ नाही' असं ठरवून मुलीला परत पाठवलं जातं. अंडाशयाला दोन बाजूंनी रक्त मिळतं, त्यामुळे पीळ बसूनही प्रवाह दिसू शकतो. लक्षणं आणि सुजलेलं अंडाशय यांवरच निर्णय घ्यावा लागतो. दुसरी चूक शस्त्रक्रियेत होते. पिळलेलं अंडाशय काळंनिळं दिसतं म्हणून काढून टाकतात. पीळ सोडवला की असं अंडाशयही बहुतेकदा सावरतं. नातेवाइकांनी संमतिपत्रावर सही करण्याआधी हे एक वाक्य विचारावं: "पीळ सोडवून अंडाशय ठेवणार ना?"

पाळी लांबलेली, ओटीपोटात दुखणं, चक्कर, खांद्यात कळ असं असेल तर नळीत राहिलेला गर्भ. म्हणून लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट आम्ही लग्न झालेलं असो वा नसो, करतोच, आणि निकाल आधी मुलीला एकटीला सांगतो. बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलेलं दुखणं अपेंडिक्सचं. ताप, दुर्गंधीचं पांढरं पाणी आणि ओटीपोटात ठणका म्हणजे गर्भाशय-नळ्यांचा जंतुसंसर्ग; त्यात अँटिबायोटिक उशिरा पडली तर नळ्या कायमच्या चिकटतात.

ही चार बाजूला पडली की मग सावकाश बसायचं.

"कुठे दुखतं?" विचारलं की हात सगळ्या पोटावरून फिरतो. त्यावर आम्ही म्हणतो, "एकच बोट ठेव." एवढ्यानेच बरंच कळतं. बोट नेमक्या एका जागी, बेंबीच्या खाली दोन-तीन बोटं बाजूला पडलं आणि दर वेळी तिथेच पडलं, तर दुखणं पोटाच्या आतलं नसून भिंतीतलं असण्याची शक्यता मोठी. बोट ठेवताच येत नाही, सगळा तळवा ओटीपोटावर पसरतो आणि "कंबरेतून मांड्यांत उतरतं" असं ती सांगते, तर गर्भपिशवी. एका महिन्यात डावीकडे, दुसऱ्या महिन्यात उजवीकडे, पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी एखाद-दुसरा दिवस, तर बीज सुटतानाचं दुखणं. लघवी भरली की वाढणारं आणि करून आलं की उतरणारं दुखणं मूत्राशयाचं. संडासला जाऊन आल्यावर हलकं वाटणारं, पोट फुगवणारं, डाव्या बाजूचं दुखणं आतड्याचं. एकाच मुलीत यांतली दोन-तीन एकत्र असणं अगदी नेहमीचं आहे, आणि एकच कारण शोधत बसल्यामुळेच पुष्कळ फायली जाड झालेल्या असतात.

आठवणीवर भरवसा ठेवू नये. साध्या वहीत पाच रकाने आखायचे: तारीख, पाळीचा कितवा दिवस, दुखणं शून्य ते दहा यांतलं किती, त्या वेळी काय चाललं होतं (लघवी, संडास, शरीरसंबंध, लांबचा बसप्रवास, व्यायाम), आणि कोणती गोळी किती वाजता घेतली व तिने फरक पडला का. दोन पूर्ण पाळ्या लिहायचं. बहुतेक मुली फक्त वाईट दिवस लिहितात आणि चांगले दिवस कोरे सोडतात. मग कोरं म्हणजे दुखलं नाही की लिहायचं राहिलं, हे आम्हांला कळत नाही. शून्यही लिहा. तारखांखाली सलग शून्यं आणि पाळीच्या तीन दिवस आधीपासून चढत गेलेले आकडे दिसले, की अर्धं निदान त्या वहीतच झालेलं असतं.

पहिल्या भेटीत पाच मिनिटं आईला बाहेर बसायला सांगतो. आयांना ते लागतं, हे दिसतं. पण शरीरसंबंध, त्यात होणारा त्रास, पांढरं जाणं, कधी नको असलेला स्पर्श, हे आईसमोर कोणती मुलगी बोलणार? संबंधाच्या वेळी खोलवर दुखणं आणि पाळीत संडासच्या वेळी गुदद्वाराशी सुरी फिरवल्यासारखी कळ, या दोन गोष्टी विचारल्याशिवाय कुणी आपणहून सांगत नाही, आणि एंडोमेट्रिओसिसचा (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढण्याच्या आजाराचा) सगळ्यात मोठा सुगावा त्यांतच असतो.

मग तपासणीचं टेबल. दुखऱ्या जागेवर आम्ही बोटाने दाबून धरतो आणि मुलीला सांगतो, "हात छातीवर घे आणि डोकं उशीवरून वर उचल." डोकं उचललं की पोटाचे स्नायू कडक होऊन आतल्या अवयवांवर ढालीसारखे येतात. दुखणं आतलं असेल तर त्या क्षणी कमी होतं. वाढलं, ती "आई गं" म्हणाली, तर दुखणं स्नायूत किंवा त्यातून बाहेर येणाऱ्या नसेत आहे. याला कार्नेटची चाचणी म्हणतात. अर्धा मिनिट लागतो, पैसा लागत नाही, आणि तरीही फायलींत तिची नोंद क्वचित सापडते. चाचणी अशी आली तर त्याच बिंदूत लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचे काही थेंब टोचल्यावर दहा मिनिटांत मुलगी उठून बसते आणि पोट चाचपून बघते, खरंच गेलं का म्हणून. अशा मुलींची चार-चार सोनोग्राफी झालेली असते. आतल्या अवयवांची सोनोग्राफी कितीही वेळा केली तरी हे दुखणं तीत दिसणार नव्हतं.

शरीरसंबंध न आलेल्या मुलीची आतून तपासणी करत नाही, तिची बहुतेकदा गरजही नसते. जिथे करायची तिथे आधी विचारून, खोलीत नर्स असताना, आणि "थांबा" म्हटलं की थांबून.

आता सोनोग्राफी, कारण भीतीचा उगम बहुतेक इथेच असतो. पोटावरून करायची असेल तर लघवी भरलेली हवी. तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी प्यायचं आणि लघवी रोखायची. मूत्राशय पाण्याने भरलं की आतडी वर सरकतात आणि त्या पाण्याच्या खिडकीतून अंडाशय दिसतात. पण जीव घाबरा होईपर्यंत रोखू नका. अती भरलेलं मूत्राशय अंडाशयांना खोल ढकलतं, चपटं करतं, आणि प्रोब टेकवताच सगळंच दुखतं, त्यामुळे नेमकं कुठे दुखतं तेही कळेनासं होतं. योनिमार्गातून करायच्या सोनोग्राफीला उलट, लघवी रिकामी करून जायचं. ती पुष्कळच स्पष्ट असते, पण संबंध आलेल्या मुलीतच आणि तिच्या होकारानेच. इतरांना चित्र धूसर आलं तर गुदमार्गातून सोनोग्राफी किंवा एमआरआय हे पर्याय आहेत.

दिवसही महत्त्वाचा. तातडी नसेल तर पाळी सुरू झाल्यापासून पाचव्या ते दहाव्या दिवसात करून घ्या. बाविसाव्या दिवशी केलेल्या सोनोग्राफीत बीज सुटल्यानंतरचा पिवळा पिंड दिसतो. त्याच्याभोवती रक्तवाहिन्यांचं लाल कडं असतं, आत कधी रक्त साकळलेलं असतं, आणि रिपोर्टवर 'कॉम्प्लेक्स सिस्ट' उमटतं. घरात रडारड होते. सहा ते आठ आठवड्यांनी, पुढच्या पाळीनंतर बघितलं तर तिथे काहीही नसतं.

रिपोर्टमधले आकडे कसे वाचायचे ते सांगतो. आधी मिलिमीटर की सेंटिमीटर ते बघा. २८ मिलिमीटरला २८ सेंटिमीटर समजून घाबरलेले लोक दर महिन्याला भेटतात. पाळी येणाऱ्या बाईच्या अंडाशयात तीन सेंटिमीटरपर्यंतची पाण्याची पातळ गाठ ही गाठच नव्हे, ते त्या महिन्याचं बीजकोषाचं काम आहे. पातळ भिंतीची, एकाच कप्प्याची, आत फक्त पाणी असलेली गाठ पाच सेंटिमीटरपर्यंत असेल आणि त्रास नसेल तर परत सोनोग्राफीचीही गरज नसते. पाच ते सातच्या दरम्यान असेल तर वर्षाने एकदा बघतात. सातच्या वर गेली तर एमआरआय किंवा शस्त्रक्रियेचा विचार, तोही मुख्यत्वे एवढी गाठ सोनोग्राफीत पूर्ण दिसत नाही आणि पीळ बसू शकतो म्हणून. 'मिनिमल फ्री फ्लुइड इन पीओडी' म्हणजे गर्भाशयामागे थोडं पाणी. बीज सुटल्यावर ते असतंच.

काही गाठी चेहऱ्यावरून ओळखू येतात. आत कोळिष्टकासारखं जाळं दिसलं तर रक्त साकळलेली गाठ. घासलेल्या काचेसारखा एकसारखा धूसरपणा असेल तर एंडोमेट्रिओमा, म्हणजे जुन्या रक्ताची, चॉकलेटी द्रवाची गाठ. पांढरा गोळा, मागे काळी सावली, आत केसांच्या रेघा असतील तर डर्मॉइड. तरुण वयात आढळणाऱ्या बहुतेक सगळ्या गाठी या तीनांत किंवा साध्या पाण्याच्या गाठीत बसतात.

पीसीओडीबद्दल दोन शब्द जास्त लिहायला हवेत, कारण या शब्दाने महाराष्ट्रातल्या घराघरात गोंधळ घातला आहे. त्या रिपोर्टमधल्या 'मल्टिपल सिस्ट' म्हणजे २ ते ९ मिलिमीटरची बीजं, पिकायची राहिलेली. त्या गाठी नाहीत, त्यांचा कॅन्सर होत नाही, आणि मुख्य म्हणजे त्या दुखत नाहीत. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आत तर सोनोग्राफीवरून हे निदान करूच नये, असं २०२३ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते, कारण त्या वयात भरपूर बीजं दिसणं हे निरोगीपणाचंच चित्र आहे. तरीही 'पीसीओडी आहे म्हणून पोटात दुखतं' असं सांगितलेल्या कितीतरी मुली येतात. त्यांचं खरं कारण तेव्हापासून कुणी शोधलेलंच नसतं.

मग काळजी कधी करायची? गाठीत घन भाग आहे, भिंतीवर आतून कोंबासारखे उंचवटे आहेत (चार किंवा जास्त असले तर विशेष), भिंत वेडीवाकडी आहे, आत जोरदार रक्तप्रवाह आहे, पोटात पाणी साठलं आहे. हे 'आयोटा' या, अंडाशयाच्या गाठींच्या सोनोग्राफीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाच्या नियमांतले धोक्याचे मुद्दे. यांऐवजी पुष्कळ रिपोर्टांवर आता 'ओ-रॅड्स'चा, म्हणजे गाठीची जोखीम सांगणाऱ्या श्रेणीचा, आकडा असतो. २ म्हणजे कॅन्सरची शक्यता एक टक्क्याहून कमी, ३ म्हणजे एक ते दहा टक्के, ४ म्हणजे दहा ते पन्नास, ५ म्हणजे पन्नासच्या वर. रिपोर्टवर नुसतं 'निओप्लास्टिक?' (पेशींच्या नव्या वाढीची गाठ?) असं प्रश्नचिन्ह लिहिलेलं असेल तर घाबरून इंटरनेटवर बसण्याआधी त्या रेडिओलॉजिस्टला किंवा आपल्या डॉक्टरांना विचारा, "ओ-रॅड्स किती द्याल?" उत्तर बहुतेकदा २ किंवा ३ येतं आणि त्या रात्री घरात झोप लागते.

आता सीए-१२५. ही रक्ततपासणी चिठ्ठीशिवायही होते, आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये घातलेली असते, आणि तरुण मुलीत तिच्याइतका फुकटचा घोर दुसरी कुठलीच तपासणी लावत नाही. मर्यादा ३५ युनिट. पण हे प्रथिन कॅन्सरच्या पेशींची खाजगी मालमत्ता नाही. पोटाच्या आतलं अस्तर कशानेही चिडलं की ते रक्तात वाढतं. पाळी चालू असताना, एंडोमेट्रिओसिस, ॲडेनोमायोसिस (तेच अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरणं), फायब्रॉइड, जंतुसंसर्ग, अपेंडिक्सची सूज, गरोदरपणाचे पहिले महिने, यकृताचा आजार, सगळ्यांत. एंडोमेट्रिओसिसमध्ये शंभरच्या पुढे जाणं नवलाचं नाही. आणि उलट बाजूने, पहिल्या टप्प्यातल्या अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये निम्म्याच्या आसपास बायकांत तो वाढलेलाच नसतो. म्हणजे वाढला तर कॅन्सर आहे असं नाही, नॉर्मल आला तर नाही असंही नाही. सोनोग्राफीत संशयास्पद गाठ नसताना तरुण मुलीत हा आकडा काढूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. काढलाच असेल आणि ६०-७० आला असेल, तर आधी बघा तो पाळीच्या कितव्या दिवशी काढला होता. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त, पाळी गेलेल्या बायकांवर वर्षानुवर्षं सीए-१२५ आणि सोनोग्राफीची चाळणी लावून पाहिली. २०२१मध्ये निकाल आले तेव्हा अंडाशयाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू तिने कमी झालेले दिसले नाहीत. धोका जास्त असलेल्या वयात जी चाळणी जीव वाचवू शकली नाही, ती विशीतल्या मुलीला लावून काय मिळणार?

आपल्याकडे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: पोटाचा क्षयरोग. पोटात पाणी, अंडाशयाशी गोळा, वजन उतरलेलं आणि सीए-१२५ पाचशे. कागदावर हे हुबेहूब पसरलेल्या अंडाशयाच्या कॅन्सरसारखं दिसतं. पोटातल्या पाण्याची तपासणी (पेशी, प्रथिनं, आणि टीबीसाठीच्या एडीए व जीनएक्स्पर्ट या चाचण्या) आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून अस्तराचा तुकडा काढून केलेली बायॉप्सी होईपर्यंत कुणीही मोठी शस्त्रक्रिया ठरवू नये. टीबी निघाला तर त्यावर साधारण सहा महिन्यांच्या गोळ्या आहेत, त्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, आणि गोळाही त्यांनीच विरघळतो.

पण तरुण मुलींना अंडाशयाचा कॅन्सर होतच नाही असं म्हणून त्यांना वाऱ्यावर सोडायचं नाही. होतो, क्वचित. आणि त्याचा प्रकार वेगळा असतो. पाळी गेल्यानंतरच्या वयात जो दिसतो तो अंडाशयाच्या आवरणाशी जोडलेला; किशोरी आणि विशीतल्या मुलींत दिसतो तो बहुधा बीजपेशींपासून झालेला. तो झपाट्याने, आठवड्यांत वाढतो. सलवारची नाडी घट्ट होते, पोट एका बाजूने वर आल्यासारखं दिसतं, गोळा हाताला लागतो, आणि आवरण ताणल्यामुळे दुखतंही. इथे सीए-१२५ पेक्षा तीन वेगळ्या रक्ततपासण्या कामाच्या: एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच. तिशीच्या आतल्या मुलीत घन भाग असलेली गाठ दिसली की या तिन्ही शस्त्रक्रियेच्या आधी काढायच्या. नंतर काढल्या तर मूळ आकडा हातातून जातो आणि उपचार लागू पडतोय की नाही हे मोजायची पट्टीच राहत नाही. पाळी कधीच आलेली नसेल आणि अशी गाठ असेल, तर गुणसूत्रांची तपासणीही हवी.

अशा गाठीत सुई घालून पाणी काढून बघायचं नाही. ती आत फुटली तर आजाराचा टप्पा वाढतो. शस्त्रक्रिया कॅन्सरच्या शस्त्रक्रियांचा सराव असलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे व्हावी. साधारणपणे त्या बाजूचं अंडाशय न फोडता काढतात, दुसरं अंडाशय आणि गर्भपिशवी ठेवतात. पुढे बीईपी नावाची केमो लागली तर तीन ते चार चक्रं, दर २१ दिवसांनी. काही प्रकारांत पहिल्या टप्प्यावर नुसती शस्त्रक्रिया आणि नियमित तपासणी पुरते. या गाठींचं बरं होण्याचं प्रमाण फार चांगलं आहे, पसरलेल्या असल्या तरी, आणि पुढे पाळी, मूल, सगळं बहुतेकींना शक्य असतं. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि केमो दोन्ही बसतात. योजनेतलं हॉस्पिटल आहे का, हे भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारावं.

घराण्यात कुणाला असेल तर? आई, मावशी, आत्या, आजी यांपैकी कुणाला अंडाशयाचा किंवा कमी वयात स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर बीआरसीए जनुकांची तपासणी विचारात घ्यावी. ती आधी जिला आजार झाला तिची करायची, शक्य असेल तर. तिच्यात बिघाड सापडला तरच मुलीच्या तपासणीला अर्थ नीट लागतो. बीआरसीए-१मध्ये बिघाड असेल तर आयुष्यभराचा धोका चाळीस टक्क्यांच्या आसपास जातो, पण तो मुख्यत्वे चाळिशीपासून पुढे. बावीस वर्षांच्या मुलीच्या आजच्या दुखण्याचं कारण तो नसतो. आत्या आणि आजी मुद्दाम लिहिल्या, कारण हा बिघाड वडिलांकडूनही येतो आणि त्या बाजूचं कुणी विचारत नाही.

एवढं झालं, की पहिला प्रश्न संपला. आता दुसरा.

पाळीबरोबर चढणारं, दर वर्षी वाढत जाणारं, शाळा-कॉलेज-नोकरी बुडवणारं दुखणं असेल तर एंडोमेट्रिओसिस धरून चालावं. जगभरात पाळीच्या वयातल्या साधारण दहा टक्के बायकांना तो असतो. वरवरचे बारीक डाग सोनोग्राफीत दिसत नाहीत, म्हणून नॉर्मल रिपोर्टने तो नाकारता येत नाही. पूर्वी दुर्बिणीतून बघितल्याशिवाय निदान नाही, असं होतं. २०२२च्या युरोपीय मार्गदर्शिकेपासून लक्षणांवरून उपचार सुरू करणं मान्य आहे. पाळी सुरू झाल्यावर थोड्याच महिन्यांत असह्य दुखायला लागलेली मुलगी असेल तर मात्र सोनोग्राफीत मूत्रपिंडं मोजून घ्या. एका बाजूचं मूत्रपिंडच नसेल तर त्या बाजूला गर्भाशयाचा किंवा योनीचा एक भाग बंद असून रक्त आत साठत असण्याची शक्यता असते. पाळी नियमित येते म्हणून हे सुटतं, आणि एका छोट्या शस्त्रक्रियेने ते मोकळं होतं.

वेदनाशामक गोळी उशिरा घेतली की वाया जाते. गर्भाशयात प्रोस्टाग्लँडिन तयार होऊन कळा येतात. गोळी ते तयार होणं थांबवते, झालेलं पुसत नाही. म्हणून पाळीची चाहूल लागताच, काही खाऊन, मेफेनॅमिक ॲसिड ५०० मिलिग्रॅम दर आठ तासांनी, दोन ते तीन दिवस, दुखो वा न दुखो. सहन होईपर्यंत थांबून मग घेणाऱ्या मुली "मला गोळी लागूच पडत नाही" म्हणतात. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, दमा गोळीने वाढणं, गर्भ राहण्याची शक्यता, यांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं असं काही झालं तर ताबडतोब बंद. भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३च्या अखेरीस याच औषधाबद्दल तशी सूचना दिली आहे.

तेवढ्याने भागलं नाही तर संप्रेरकाच्या गोळ्या तीन महिने. इथे आया अडतात. "लग्नाआधी या गोळ्या? पुढे मूल होईल ना? कॅन्सर झाला तर?" मूल होण्याला अडथळा येत नाही, बंद केल्यावर पाळी परत सुरू होते. आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका या मिश्र (दोन संप्रेरकांच्या) गोळ्यांनी कमी होतो, जितकी वर्षं घ्याल तितका जास्त. ज्या भीतीने गोळी नाकारली जाते, नेमक्या त्याच आजारापासून ती थोडं संरक्षण देते. सुरू करण्याआधी रक्तदाब मोजायचा, आणि डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे वाकड्यातिकड्या चमकत्या रेघा येतात का, घरात कुणाच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती का, हे विचारायचं. असेल तर मिश्र गोळी चालत नाही, मग डायनोजेस्ट ही एकाच संप्रेरकाची गोळी २ मिलिग्रॅम, रोज एकाच वेळी. पहिले दोन-तीन महिने मधूनच डाग लागतात. हे आधी न सांगितल्यामुळे निम्म्या मुली पहिलंच पाकीट अर्धवट सोडतात आणि उपचार 'फसला' असं फायलीत लिहिलं जातं.

दुखणं वर्षं-दोन वर्षं चाललेलं असलं की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडून बसतात, आणि मूळ कारण आटोक्यात आलं तरी ते सुटत नाहीत. त्यावर गोळी नाही, फिजिओथेरपी आहे: पोटाने श्वास घेणं, ते स्नायू सैल सोडायला शिकणं. आवळण्याचे केगल व्यायाम इथे उलटे पडतात. व्हिडिओ बघून ते करत बसलेल्या मुलींचं दुखणं वाढलेलं आम्ही पाहतो. बद्धकोष्ठता असेल तर इसबगोल आणि पाणी त्याच दिवसापासून.

तीन महिने नीट उपचार करूनही वहीतले आकडे उतरले नाहीत, तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया. तीत डाग दिसले तर त्याच बैठकीत काढावेत आणि पॅथॉलॉजीला पाठवावेत. नुसतं 'बघून' बाहेर यायचं नाही. काही मुलींत आत काहीच सापडत नाही. त्यांना भूल उतरल्यावर घाईत न सांगता दुसऱ्या दिवशी बसवून सांगावं लागतं की दुखणं खरंच आहे आणि आता स्नायू, नसा, मूत्राशय, आतडं या बाजूने जायचं आहे. डिस्चार्जच्या वेळी शस्त्रक्रियेचे फोटो, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणि काढलेल्या भागाचा ब्लॉक क्रमांक (लॅबमध्ये जपलेल्या तुकड्याचा नंबर) मागून घ्या. वही बंद करू नका. पुढची भेट सहा आठवड्यांनी, आणि तिला येताना तीच वही हवी.